क्रियापदाचं शेपूट : पोर्तुगालपासून कोर्लईपर्यंत

(हिल्सबरो, ऑकलंड इथे मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



फराळाच्या ताटाकडे सगळ्यांचं लक्ष आहे याची मला पूर्ण कल्पना आहे. त्यात माझ्या भाषणाचा विषय व्याकरण! आणि तेही मराठी नव्हे, पोर्तुगीज व्याकरण. त्यातलं एकच रूप. त्याला इंग्रजीत जेरंड म्हणतात आणि आपल्या शाळेतल्या भाषेत सांगायचं तर ते एक प्रकारचं ‘धातुसाधित’. कार्यकारिणीतल्या काकूंनी विषय ऐकल्यावर माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी पटकन सांगून टाकलं, "काकू, शेवटी चकलीवरच येणार आहे." तेव्हा चकलीपर्यंत थोडा धीर धरा.

मी व्यवसायाने कॉम्प्युटरवाला, भाषातज्ज्ञ नाही. पण आमच्या टीममध्ये एक सहकारी ब्राझीलचा आणि दुसरी पोर्तुगालची आहे. दोघांची भाषा एक, म्हणजे पोर्तुगीज. तरीही जेवणाच्या सुटीत त्यांचा एक ठरलेला वाद असतो. ‘मी गात आहे’ हे ब्राझीलचा गडी ‘एस्तो कांतांदो’ असं म्हणतो, तर पोर्तुगालची बाई ‘इश्तो आ कांतार’ असं म्हणते. दोघंही एकमेकांना बरोबर समजतात, पण आपलंच खरं असं दोघांनाही वाटतं. पुण्या-नागपूरची मंडळी एका टेबलावर बसली की काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे!

तर हे ‘कांतांदो’ म्हणजे काय? पोर्तुगीज क्रियापदं मुख्यतः तीन घराण्यांतली. काही ‘आर’ने संपतात, काही ‘एर’ने, काही ‘इर’ने. ‘कांतार’ म्हणजे गाणं, ‘बेबेर’ म्हणजे पिणं, ‘पार्तिर’ म्हणजे निघणं. शेवटचा ‘र’ काढायचा आणि ‘न्दो’ जोडायचं, की झाला जेरंड : कांतांदो, बेबेन्दो, पार्तिन्दो. माझ्या धंद्याच्या भाषेत हे एक साधं फंक्शन आहे. धातू आत टाका, रूप बाहेर येतं. आणि गंमत म्हणजे बोलणारा ‘मी’ असो, ‘तू’ असो की ‘ते सगळे’ असोत, रूप बदलत नाही. आपल्या ‘गात’ आणि ‘गाऊन’सारखंच. ‘गातो, गाते, गातात’ असा संसार त्याला नाही.

आता हे रूप वापरायचं कुठे? इंग्रजी शिकलेल्या आपल्या मंडळींना वाटतं, ‘इंग’ म्हणजेच ‘न्दो’. तसं नाही. इंग्रजीत ‘स्विमिंग इज गुड’ म्हणताना ‘स्विमिंग’ हे नाम होतं. पोर्तुगीजमध्ये तिथे जेरंड चालत नाही, मूळ क्रियापदच वापरावं लागतं. आपणही तिथे ‘पोहणं चांगलं’ म्हणतो, ‘पोहत चांगलं’ म्हणत नाही. पोर्तुगीज जेरंड क्रियेला चालू ठेवतो, तिचं नाम करत नाही.

मराठी माणसाला तो समजायला उलट सोपा आहे, कारण आपल्याकडे त्या एका रूपाची कामं तीन-चार रूपांनी वाटून घेतली आहेत. ‘एस्तो कांतांदो’ म्हणजे ‘मी गात आहे’. ‘सायू कांतांदो’ म्हणजे ‘तो गात गात बाहेर पडला’. ‘वाय कोमेन्दो’ म्हणजे ‘तू खात राहा’, पाहुण्याला ताटावर बसवून यजमानीण म्हणते ना, ‘तुम्ही सुरुवात करा, मी पोळ्या घेऊन आलेच’, त्यातलं. आणि ‘शेगांदो आ काझा’ म्हणजे ‘घरी पोचल्यावर’. बघा, तिकडे प्रत्येक ठिकाणी एकच ‘न्दो’. इकडे ‘गात’, ‘गात गात’, ‘खात राहा’, ‘पोचल्यावर’.

फक्त एका ठिकाणी आपण फसू शकतो. ‘जेवून झोपलो’ हे वाक्य. आपला ‘ऊन’ सांगतो की पहिलं काम पुरं झालं, मग दुसरं सुरू झालं. पोर्तुगीज ‘न्दो’ बहुतेक वेळा दोन्ही कामं एकाच वेळी चालू ठेवतो. त्यामुळे ‘जांतांदो’ म्हटलं तर माणूस जेवता जेवता झोपला असं होईल! तिथे त्यांना ‘तेन्दो जांतादो’, म्हणजे ‘जेवण झालेलं असून’, असा थोडा लांबचा रस्ता घ्यावा लागतो. मराठीने हे काम एका ‘ऊन’मध्ये उरकलं आहे. आपल्या भाषेची ही काटकसर रोज वापरून आपल्याला दिसेनाशी झाली आहे.

आता माझ्या दोन सहकाऱ्यांच्या वादाकडे येऊ. खरं कोण? जुनं रूप ब्राझीलवाल्याकडे आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगालमध्येही जेरंडच चालायचा. 1572 मध्ये छापल्या गेलेल्या लुईश द कामोंइश याच्या ‘ऊश लुझियादश’ या महाकाव्यात, अगदी सुरुवातीलाच, ‘कांतांदो’ हा शब्द आहे. हा कवी आपल्या गोव्यात राहून गेलेला. पोर्तुगालमध्ये ‘आ कांतार’ची पद्धत नंतर पसरली. तिथेही दक्षिणेकडच्या अलेंतेझू भागात आणि अझोर्स बेटांवर लोक आजही जेरंड वापरतात. म्हणजे घरातून लांब गेलेल्यांनी जुनं जपलं आणि घर मात्र बदललं. हे आपल्याला नवीन नाही. 1995 मध्ये देश सोडलेल्या काकांची मराठी ऐका आणि आजच्या पुण्यातल्या त्यांच्या भाच्याची ऐका!

ब्राझीलमध्ये मात्र जेरंड इतका बोकाळला की त्यावर सरकारी फर्मान निघालं. कॉल सेंटरमध्ये ‘मी पाठवीन’ असं सरळ न म्हणता ‘मी तुम्हाला पाठवत असणार आहे’ असं बोलायची फॅशन आली होती. सरकारी कचेऱ्यांत तर काहीही विचारा, उत्तर एकच : ‘करत आहोत’. शेवटी 2007 मध्ये ब्राझीलिया राजधानीच्या प्रदेशाच्या गव्हर्नरने हुकूम काढला की सरकारच्या सर्व खात्यांतून जेरंडला बडतर्फ करण्यात येत आहे! कामाच्या दिरंगाईला हे रूप पांघरूण घालतं, हा त्याचा आरोप. आपल्याकडच्या कचेऱ्यांतून ‘प्रक्रिया सुरू आहे’ हे शब्द बडतर्फ केले तर किती फायली हलतील, याचा विचार आपापल्या घरी करावा.

असो. आता तुम्ही म्हणाल, ब्राझील झालं, पोर्तुगाल झालं, आपला काय संबंध? संबंध आहे. आणि तो लिस्बनला नाही, रायगड जिल्ह्यात आहे.

अलिबागहून मुरुडला जाताना रेवदंडा लागतं. तिथून कुंडलिका नदीच्या खाडीवरचा पूल ओलांडून साळावच्या बाजूने पुढे गेलं की कोर्लई नावाचं गाव येतं. समुद्रात घुसलेला डोंगर, त्यावर कोर्लईचा किल्ला, खाली दीपगृह. आपल्यापैकी अनेकांनी काशीदच्या बीचला जाता जाता तिथे गाडी थांबवून फोटो काढले असतील. त्या गावातल्या कॅथलिक वस्तीत, आजही, घरात बोलली जाणारी भाषा पोर्तुगीजपासून जन्मलेली आहे. बोलणारे साधारण हजारभर. ते तिला ‘नो लिंग’ म्हणतात. नो म्हणजे आपली आणि लिंग म्हणजे पोर्तुगीज ‘लिंग्वा’, जीभ, भाषा. ‘आपली भाषा’, एवढंच साधं नाव.

इतिहास थोडक्यात असा. 1521 मध्ये पोर्तुगीजांनी चौलला, म्हणजे आजच्या रेवदंड्याला, किल्ला बांधायला घेतला. खाडीपलीकडचा कोर्लईचा डोंगर त्यांनी 1594 मध्ये निजामशाहीकडून जिंकला. पुढे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि 1740 च्या तहाने चौलसुद्धा मराठ्यांकडे आलं. पोर्तुगीज निघून गेले. पण मधल्या दोनशे वर्षांत ख्रिस्ती झालेली, पोर्तुगीज घरांत आणि शेतांवर राबणारी स्थानिक माणसं कुठे जाणार? ती राहिली. आणि त्यांच्या तोंडी त्या भाषेचं जे रूप होतं, तेही राहिलं.

दमणला पोर्तुगीज राज्य 1961 पर्यंत होतं. तिथेही अशी बोली आहे, पण तिला शाळा, कचेरी, राज्य, सगळ्यांचा आधार होता. कोर्लईला 1740 नंतर यातलं काहीही नव्हतं. शाळा नाही, छापील पुस्तक नाही, लिपी नाही. पोर्तुगीजशी उरलेला धागा म्हणजे चर्चमधले पाद्री. चहूबाजूंनी मराठी. अशा परिस्थितीत एखादी भाषा किती पिढ्या टिकावी? आपल्या मंडळाच्या प्रत्येक वार्षिक सभेत आपण याच प्रश्नावर चर्चा करतो आणि साधारण ‘दोन’ असं उत्तर देऊन समोसे खायला जातो. कोर्लईचं उत्तर आहे, पावणेतीनशे वर्षांहून जास्त.

या भाषेचा सखोल अभ्यास अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाचे जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी केला. त्यांचा ग्रंथ 1996 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात या भाषेच्या क्रियापदांची जी मांडणी आहे, ती पाहून मी अक्षरशः खुर्चीत सरसावून बसलो.

‘गाणं’ हे क्रियापद घ्या. पोर्तुगीज ‘कांतार’चं कोर्लईत झालं ‘काता’. ‘गायलं’ म्हणजे ‘कातो’. आणि जेरंड? ‘कातान’. ‘कांतांदो’मधला ‘दो’ झिजून गेला, पण ‘न’ शिल्लक राहिला! ‘पिणं’ म्हणजे ‘बेबे’, त्याचं ‘बेबेन’. ‘उठणं’ म्हणजे ‘इर्गी’, त्याचं ‘इर्गिन’. आधी ‘ते’ हा छोटा शब्द लावला की ‘गात आहे’ तयार. कामोंइशच्या महाकाव्यातला ‘कांतांदो’ आणि कोर्लईच्या आजीच्या तोंडचा ‘कातान’ ही एकाच घरातली भावंडं आहेत. एक छापखान्यातून आलं, दुसरं चुलीपाशी वाढलं.

पण खरी गंमत पुढेच आहे. पोर्तुगीज क्रियापदांची तीन घराणी मी मघाशी सांगितली. कोर्लईत चार आहेत! हे चौथं घराणं ‘ऊ’ने संपणाऱ्या क्रियापदांचं आणि ते आलं मराठीतून. शेजारच्या मराठीतली क्रियापदं कोर्लईकरांनी उसनी घेतली, त्यांना ‘ऊ’ जोडला आणि आपल्या घरचे प्रत्यय लावले. उदाहरण, आपलं ‘लोटणं’. कोर्लईत ‘लोटू’. आणि त्याचा जेरंड काय? ‘लोटून’!

थांबा, टाळ्या वाजवण्याआधी नीट बघा. हा ‘लोटून’ कानाला अस्सल मराठी वाटतो. आपण म्हणतो ना, ‘दार लोटून तो आत आला’. पण कोर्लईचा ‘लोटून’ तो नाही. त्यांच्या ‘ते लोटून’चा अर्थ ‘लोटत आहे’. धातू आपला, पण शेवटचा ‘न’ त्यांचा, पोर्तुगीज ‘न्दो’चा. ऐकायला शब्द एकच, पण एका भाषेत काम झालेलं आहे आणि दुसऱ्या भाषेत चालू आहे.

आता याच्या उलट बाजूने पाहू. आपण पोर्तुगीजांकडून काय घेतलं? भरपूर घेतलं. बटाटा, पाव, साबण, चावी, मेज, काजू, अननस, बिजागरी, घमेलं, काडतूस, तुरुंग, लिलाव. ‘हापूस’सुद्धा ‘अफोंसो’चा अपभ्रंश. हा सगळा हिशेब गोव्याचे मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी 1913 साली एका जाडजूड ग्रंथात मांडून ठेवला आहे. पण ही यादी पुन्हा एकदा बघा. सगळी नामं! क्रियापद कुठे आहे? मला सापडलं ते एकच, आणि तेही वेष पालटून बसलेलं : ‘पगार’. पोर्तुगीजमध्ये ‘पगार’ हे नाम नाहीच, ते क्रियापद आहे. त्याचा अर्थ ‘पैसे देणं’, आणि त्याचा जेरंड ‘पगांदो’, म्हणजे ‘पैसे देत’. मराठीने त्या क्रियेला पकडून नाम करून टाकलं. महिन्याच्या शेवटी खात्यावर जमा होतं ते नाम!

याचा अर्थ असा की वस्तू घेताना वस्तूचं नाव येतं. त्याला फारसे कष्ट पडत नाहीत. बटाटा आला, ‘बटाटा’ आला. क्रियापद घेणं जास्त कठीण, कारण त्याला आपल्या काळांत, आपल्या प्रत्ययांत बसवावं लागतं. आणि सगळ्यात चिवट असतात ते प्रत्यय, म्हणजे क्रियापदाची शेपटं. कोर्लईने वाक्यरचना बरीचशी मराठीच्या वळणावर नेली, कर्म क्रियापदाच्या आधी आणलं, मराठी धातूही घेतले. पण शेपूट सोडलं नाही. म्हणूनच ती भाषा अजून ‘नो लिंग’ आहे, मराठीची एक बोली झालेली नाही.

हे समजल्यावर मला आपल्या मुलांची मराठी वेगळ्या कानाने ऐकू यायला लागली. आपल्या घरांत दोन प्रकारची वाक्यं ऐकू येतात. एक : ‘आई, मी त्याला मेसेज सेंड केला, फाईल ओपन करून बघ.’ दुसरं : ‘आई, बेबी रडिंग आहे.’ पहिल्या वाक्यावर आजी-आजोबा नाक मुरडतात. केवढं ते इंग्रजी! दुसऱ्यावर सगळे हसतात, गोड वाटतं आणि आपण ते व्हिडिओवर घेऊन भारतात पाठवतो.

मला वाटतं, आपलं हसणं आणि काळजी यांची अदलाबदल झाली आहे. पहिल्या वाक्यात धातू इंग्रजी आहेत, पण ‘केला’, ‘करून’, ‘बघ’ ही शेपटं मराठी आहेत. ते वाक्य मराठीच आहे. कोर्लईने ‘लोटू’ घेतला तसे आपण ‘सेंड’ आणि ‘ओपन’ घेतले. दुसऱ्या वाक्यात ‘रड’ हा धातू अस्सल मराठी, पण त्याचं शेपूट ‘इंग’ आहे. तिथे इंजिन बदललं आहे, नुसता डबा मराठी राहिला आहे. चार वर्षांच्या मुलाने असं म्हणण्यात काहीही गैर नाही, उलट ते पोर दोन भाषांची फंक्शनं जोडून बघतंय, हुशारच आहे. पण चौदाव्या वर्षीही ‘रडिंग’ राहिलं तर समजावं की मराठीचा ‘त’ आणि ‘ऊन’ त्याच्या कानावर पुरेसा पडलेला नाही. त्याला रागावून काही होणार नाही. आपण उत्तर देताना ‘हो रे, रडत आहे, तिला उचलून घे’ म्हणावं. एका वाक्यात ‘त’ही गेला आणि ‘ऊन’ही गेला!

आता कोर्लईच्या गोष्टीचा दुसरा भाग, जो मला थोडा अस्वस्थ करतो. अशीच एक पोर्तुगीज बोली एके काळी मुंबई, साष्टी आणि वसईच्या ख्रिस्ती वस्त्यांतूनही बोलली जात होती. दालगादोंनी 1906 मध्ये तिच्यावर लिहून ठेवलं आहे. तिच्यातही प्रत्यय होते, गाणी होती. ती आज उरलेली नाही. मुंबईत इंग्रजांच्या नोकऱ्या आल्या, इंग्रजी शाळा आल्या आणि आईबाप मुलांशी दुसऱ्या भाषेत बोलायला लागले. कोणी बंदी घातली नव्हती. त्यांनी मुलांचं भलं पाहिलं होतं. म्हणजे चिवट शेपूट असूनही भाषा जाऊ शकते, जर ते मुलाच्या कानावर पडलंच नाही तर.

आणि कोर्लईत आज काय चाललं आहे? 1962 ते 1965 या काळात रोममध्ये झालेल्या व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर जगभर लोकभाषेत प्रार्थना सुरू झाल्या. कोर्लईच्या चर्चमध्येही मराठी आली. शाळा मराठी, बाजार मराठी, नोकरी मराठी. काही घरांत आईबापांनी विचार केला, मुलांचा अभ्यास बरा व्हायचा तर घरीही मराठीच बोललेलं बरं. मंडळी, हे वाक्य तुम्हाला ओळखीचं वाटतं का? फक्त ‘मराठी’च्या जागी ‘इंग्रजी’ घाला. इथे ऑकलंडमध्ये आपण लहान भाषेचे वाली आणि इंग्रजी ही मोठी भाषा. तिथे कोर्लईत आपली मराठी ही मोठी भाषा आहे. आपण ज्या गोष्टीबद्दल इथे तक्रार करतो, तीच गोष्ट आपली मायबोली तिथे, कोणाच्याही वाईट हेतूशिवाय, करत आहे. ‘करत आहे’, हाही चालू वर्तमानकाळ!

म्हणून पुढच्या वेळी सुटीत काशीदला जाल तेव्हा कोर्लईत नुसता किल्ल्याचा फोटो काढून पुढे जाऊ नका. तिथल्या माणसांकडे ‘अरे, हे काहीतरी अशुद्ध बोलतात’ अशा नजरेने बघू नका. महाराष्ट्राच्या पोटात इतकी वर्षं जपलेली ती एक ठेव आहे आणि तिच्यात आपलेही धातू आहेत.

भाषा जाताना दिसली की काय करायचं, याचं एक उत्तर आपण ज्या देशात राहतो त्या देशात आहे. माओरी भाषा शाळेत शिकवावी यासाठी 14 सप्टेंबर 1972 रोजी वेलिंग्टनच्या संसदेत हजारो सह्यांचा अर्ज दिला गेला. 1982 मध्ये पहिलं ‘कोहंगा रेओ’ सुरू झालं. कोहंगा म्हणजे घरटं, रेओ म्हणजे भाषा. भाषेचं घरटं! तिथे आजी-आजोबांच्या पिढीतली माणसं तान्ह्या मुलांशी फक्त माओरीत बोलायची. व्याकरणाचं पुस्तक नाही. दूध पिताना, झोपवताना, खेळताना, नुसतं बोलायचं. 1987 मध्ये कायद्याने माओरीला अधिकृत भाषेचा दर्जा मिळाला.

आपली मुलं इथल्या शाळांतून माओरी गाणी शिकून येतात. त्यांना विचारा, ‘मी गात आहे’ माओरीत कसं म्हणतात? ‘ए वायाता आना आहाऊ’. त्यात क्रियापदाला शेपूटच नाही. ‘वायाता’ म्हणजे गाणं, हा शब्द जसाच्या तसा राहतो आणि त्याच्या पुढे ‘ए’, मागे ‘आना’ असे दोन पहारेकरी उभे राहतात. कोणी शेपूट लावतो, कोणी पहारेकरी ठेवतो. पण ‘क्रिया चालू आहे’ हे सांगायची सोय प्रत्येक भाषेने आपापली केलेली आहे, आणि ती पोर घरातच उचलतं.

आणि आता, काकू, चकली!

आपल्या घरांतली मराठी नामं बऱ्यापैकी सुरक्षित आहेत. इथे जन्मलेल्या मुलालाही चकली, लाडू, करंजी, आजी, मामा, उटणं, आकाशकंदील हे शब्द येतात. क्रियापदं मात्र एकेक करून ‘करणे’च्या पोटात चालली आहेत. कांदा ‘कट करतो’, पोळी ‘रोल करतो’, पीठ ‘मिक्स करतो’, नारळ ‘ग्रेट करतो’. मघाशी मी म्हणालो की ही वाक्यं मराठीच आहेत, आणि ते खरंच आहे. पण सगळीच कामं एकट्या ‘करणे’वर टाकली तर बाकीच्या क्रियापदांना कामच उरणार नाही.

दिवाळीच्या स्वयंपाकघरात किती क्रियापदं आहेत बघा. भाजणी भाजायची, दळायची, पीठ मळायचं, चकली पाडायची, तळायची. लाडू वळायचे. करंजीची पारी लाटायची, सारण भरायचं, कडा मुरडायच्या. नारळ खोवायचा. चिवडा परतायचा. साखरेचा पाक ढवळायचा. शंकरपाळे कातायचे. इंग्रजीत ‘रोल’ म्हणून जे एकच होतं, त्यासाठी आपल्याकडे लाटणं वेगळं आणि वळणं वेगळं. लाडू लाटत नाहीत आणि पोळी वळत नाहीत, हे सांगायला कोणता क्लास लागतो? पोराला ओट्यापाशी स्टुलावर उभं करावं लागतं, एवढंच.

म्हणून माझी सूचना फार छोटी आहे. मंडळाची रविवारची मराठी शाळा चालू राहू दे, तिथल्या ताई-दादांना माझा नमस्कार. पण घरी रोज एक प्रश्न मराठीत विचारायचा : ‘काय करतोयस?’ मुलीला ‘काय करतेयस?’ आणि उत्तर क्रियापदात घ्यायचं. ‘खेळतोय.’ ‘लिहितेय.’ ‘काही नाही, लोळतोय.’ चालेल, लोळण्यालाही मराठीत क्रियापद आहे हे काय कमी आहे! मग पुढचं वाक्य ‘ऊन’चं : ‘हात धुऊन ये’, ‘दार लोटून घे’, ‘आजीला फोन करून बोल’. यासाठी पाठ्यपुस्तक लागत नाही, वेगळा वेळ लागत नाही. कोर्लईच्या आयांनीही यापेक्षा जास्त काही केलं नसणार. त्यांच्यामागे राज्य नव्हतं, शाळा नव्हती, इंटरनेट नव्हतं, आजीशी रोज बोलायला व्हिडिओ कॉल नव्हता. आपल्याकडे निदान शेवटच्या दोन गोष्टी तरी आहेत.

आता माझं बोलणं पुरे करतो. ब्राझीलच्या गव्हर्नरला भ्यायचं कारण नाही, आज जेरंड बडतर्फ नाही. तेव्हा बोलत बोलत, हसत हसत फराळाकडे वळा. आणि घरी गेल्यावर पुढच्या वर्षीच्या चकल्या कोण पाडणार, हे आत्ताच ठरवून टाका. पाडणारा दहा वर्षांच्या आतला असला तर उत्तम.

सर्वांना दीपावलीच्या मनापासून शुभेच्छा.